डोक्याकडची बाजू

कडी अर्धी निघाली होती. तिने आवाज करू नये म्हणून अरविंद टिपणीसने तिच्यावर तळहात दाबून धरला आणि तो तसाच उभा राहिला. दाराच्या त्या बाजूला समोरच्या बिऱ्हाडातला किसन गायकवाड होता. त्याने पुन्हा हलकेच थाप मारली.

"टिपणीससायेब, उठलाय का? आमचा बा गेला. आत्ताच गेला."

दूधवाला समजून अरविंद दाराशी आला होता. आता त्याला ती कडी पुढेही सरकवता येईना आणि मागेही. सुनीती पिठाचे हात घेऊन स्वयंपाकघरातून बाहेर आली. तिला त्याने आधी मान हलवून नको म्हटलं, मग हात जोडले, मग स्वतःच्या छातीवर बोट ठेवून खिडकीबाहेरच्या रस्त्याकडे दाखवलं. मी गेलो. मी घरात नाही. इतक्या वर्षांच्या संसारात तिला ही खूण नवीन नव्हती. तो आतल्या खोलीत दाराआड जाऊन उभा राहिला तेव्हा तिने कडी काढली.

"वैनी, सायेब हायत?"

"ते..." सुनीती म्हणाली, "ते ड्युटीवर गेले आज. लवकर गेले."

किसनने वळून एकदा जिन्याखाली पाहिलं.

"आसं. मला एक मानूस पायजे हुतं. मंडळी बाळंतपनाला गावाकडं माहेरी गेलीया, घरात मी आन् आई. मेव्हना दिघ्याला ऱ्हातो, आमची समदी मानसं तिकडंच हायत. जाऊन घेऊन येतो त्यांना. तवर कुनी आईपाशी बसलं आसतं तर..."

"मी बसते. तुम्ही निघा."

"बा आजून खाटंवरच हाय." किसन अडखळला. "तुमाला चालंल ना?"

"न चालायला काय झालं? जा तुम्ही."

तो जिना उतरून गेला. सुनीतीने हात धुतले, स्टोव्ह बंद केला, परातीवर ताट झाकलं. दाराआडून बाहेर आलेल्या नवऱ्याकडे तिने एकदाच पाहिलं.

"आता गॅलरीत येऊ नका," ती म्हणाली. "ड्युटीवर गेलाय तुम्ही."

आणि ती समोरच्या घरात गेली.

आता हा अरविंद टिपणीस काही वाईट माणूस नव्हता. कुणाचा पैसा बुडवायचा नाही, बायकोवर हात उगारायचा नाही, शेजारच्याची पोरं तापाने फणफणली तर सायकलवर डबलसीट बसवून डॉक्टरकडे न्यायची. पण मेलेल्या माणसाची त्याला भीती वाटे. भीती म्हणजे साधीसुधी नव्हे. कुठे मर्तिक झाल्याचं नुसतं कळलं तरी त्याचे हातपाय गार पडत, आणि मग तो जे काही करी त्याला पळ काढणं याखेरीज दुसरा शब्द नाही. भूत, पिशाच्च, असलं काही तो मानत नव्हता. ते मानत असता तर बरं, निदान एखादा ताईत तरी बांधता आला असता.

तो नऊ वर्षांचा असताना त्याचे वडील गेले. कोकणातल्या त्या गावी, नदीकाठच्या मसणवटीत, काकाने हात धरून त्याच्याकडून अग्नी देववला. लाकडं पेटली, आणि जरा वेळाने चितेतून वडिलांचा एक हात वर आला. आगीने स्नायू आखडतात, असं होतं, हे पुढे त्याला कळलं. पण तेव्हा कळलं ते एवढंच की बाबा उठताहेत. "पाणी टाका, बाबा उठताहेत!" म्हणून तो ओरडत धावला. चौघांनी त्याला धरून ठेवलं आणि त्यातल्या एकाने बांबूने तो हात खाली दाबला. ही हकिकत पुढे नातेवाईक लग्नाकार्यात हसून सांगत. "अरू काय ओरडला होता!" म्हणत. अरविंदही त्यांच्याबरोबर हसे आणि मग उठून पान खायला बाहेर जाई.

गिरगावच्या चाळीत होता तोवर हे खपून गेलं. तिथे कुणी गेलं की माणसं इतकी जमत की एक टिपणीस कमी आहे हे बघायला कुणाला फुरसत नसे. सुनीतीचे वडील गेले तेव्हा त्याला कावीळ झाली होती. म्हणजे त्याने तसं कळवलं होतं, आणि सुनीतीने भर माहेरी, आईच्या तोंडावर, ती कावीळ खरी म्हणून सांगितली होती. खाडीपलीकडे नवं शहर वसतंय, सोडतीत घरं मिळताहेत, असं कळताच त्याने पहिल्याच सोडतीत नाव दिलं. मोकळी हवा, पोरांना मैदान, स्वतःचं संडास-बाथरूम, ही कारणं त्याने सगळ्यांना सांगितली. खरं कारण त्याने बायकोलाही सांगितलं नाही. जागा बघायला आला त्या दिवशी त्याने अख्ख्या इमारतीत एकही म्हातारं माणूस पाहिलं नव्हतं. सगळे तिशी-चाळिशीतले, दोन दोन पोरांचे. इथे इतक्यात कुणी मरणार नाही, असा हिशेब करून माणूस वाशीला राहायला आला होता. हसावं की रडावं!

आणि मग समोरच्या घरात किसनचा बाप सिताराम आला. किसन ठाणे-बेलापूर रस्त्यावरच्या एका रंगाच्या कारखान्यात फिटर होता. गेल्या वर्षी मराठवाड्यात बौद्धांच्या वस्त्या जळाल्या तेव्हा त्याने म्हाताऱ्या आईबापांना गावाहून इकडे आणलं. सिताराम जिना चढून वर आला, प्रत्येक पायरीवर थांबून खोकत, तेव्हा दारात उभ्या असलेल्या अरविंदचं काळीज लक्कन हललं. हा इथे मरणार, हे त्याला त्याच क्षणी कळलं.

पण म्हातारा भारी बोलका. संध्याकाळी जिन्याच्या पायरीवर विडी ओढत बसायचा आणि अरविंद कामावरून आला की म्हणायचा, "बसा की सायेब, घरात काय सोनं ठिवलंय?" अरविंद बसे. म्हातारा गावाकडचं सांगे. गावकीच्या कामात मर्तिकाचा सांगावा पोचवायचं काम त्याच्या घराकडे होतं. पाटलाच्या घरात कुणी मेलं की याने रातोरात कोस कोस चालत सोयऱ्यांच्या गावी जायचं, उंबऱ्याच्या बाहेर उभं राहून ओरडून सांगायचं, परत येऊन मसणात लाकडं वाहायची. आणि लाकडं रचून झाली की लांब व्हायचं. "छप्पन साली धर्म घेतला आन् सोडलं," तो सांगे. "पाटील म्हनला, मढं कुजंल. म्हनलं, कुजू द्या." असं म्हणून तो खो खो हसे आणि हसता हसता खोकून बेजार होई. मढं, मसण हे शब्द ऐकून अरविंदचे तळवे घामेजत. तरी त्याला उठवत नसे. असला गोड म्हातारा त्याला दुसरा भेटला नव्हता.

तो आता समोरच्या घरात खाटेवर पडला होता आणि अरविंद स्वतःच्या घरात चोरासारखा बसला होता. पोरं सकाळच्या शाळेला गेलेली. खुर्ची करकरते म्हणून तो पलंगाच्या कडेला बसला. नळाचा थेंब वाजत होता तो बंद करायला उठला आणि अर्ध्या वाटेवरून परत फिरला, कारण समोरचं दार उघडं होतं. समोरून मधूनमधून बयाबाईचा, म्हणजे सितारामच्या बायकोचा आवाज येई. ती रडत नव्हती, नवऱ्याला काहीतरी विचारत होती. मध्येच सुनीतीचा आवाज, "आजी, घोटभर पाणी प्या." वरच्या मजल्यावरचे दोघे जिना उतरून गेले. समोरच्या दाराशी त्यांची पावलं जरा मंदावली, मग जास्तच भरभर उतरली. तळमजल्यावरून कुणीतरी पोराला दबक्या आवाजात दटावलं, "तिकडे नाही जायचं, म्हटलं ना!"

मग त्याच्याच दारावर टकटक झाली. अगदी नखाने वाजवावी तशी.

"अरविंदराव, मी आहे."

इमारतीचे सेक्रेटरी, तिसऱ्या मजल्यावरचे रावसाहेब. अरविंदने दार किलकिलं केलं. रावसाहेब आडवे होऊन आत सरकले. इस्त्रीचे कपडे, काखेत बॅग, कपाळावर ताजं गंध.

"सायकल खालीच दिसली तुमची. म्हटलं, घरातच असणार." ते हसले. "समोर आला होता म्हणे बोलवायला."

"हो. म्हणजे, मी..."

"बरं केलंत. अगदी बरं केलंत. माझ्याकडेही येऊन गेला. मी म्हटलं, पाठीत उसण भरलीय." त्यांनी आवाज आणखी खाली आणला. "वाईट झालं, म्हातारा बरा होता. पण एकदा गेलं की पायंडा पडतो हो. आज खांदा, उद्या त्यांच्या घरचं पाणी, परवा आणखी काही. आपल्याला कुणाशी वाकडं नाही. त्यांची माणसं आहेत, ती करतील. आपण आपलं दार लोटून घ्यायचं. मी तर मुंबईला निघालो, दुपारी येतो. तोवर आटोपेल." दारातून बाहेर पडण्याआधी त्यांनी अरविंदच्या खांद्यावर हात ठेवला आणि दोनदा थोपटलं. "वहिनींना मात्र सांगा जरा. आत जाऊन बसल्यात."

मी तसला नाही, असं अरविंदच्या ओठांवर आलं होतं. पण मग कसला, हे सांगावं लागलं असतं. तो मूग गिळून उभा राहिला आणि वर हसलासुद्धा. रावसाहेबांची पावलं जिन्यावरून गेली तरी ते हसू त्याच्या तोंडावर तसंच होतं. त्याने ते हाताने पुसलं.

थोड्या वेळाने सुनीती आली. सरळ मोरीकडे गेली, तांब्याभर पाणी प्यायली आणि तिथूनच म्हणाली,

"रावसाहेब कशाला आले होते?"

"पाठ थोपटायला."

तिने तांब्या ठेवला. "कळतंय ना तुम्हाला, कशाबद्दल ते?"

"मी तसा नाही, सुनीती. तुला माहीत आहे."

"मला माहीत असून काय उपयोग?" तिचा आवाज चढला आणि समोरच्या दाराच्या आठवणीने लगेच खाली आला. "म्हाताऱ्याचा जबडा बांधला मी, त्या आजींबरोबर. आयुष्यात पहिल्यांदा. आणि बांधून झाल्यावर त्या मला काय म्हणाल्या ठाऊक आहे? म्हणाल्या, बाई, शिवलात खऱ्या, आता घरात घेतील ना तुमाला? मेल्याहून मेल्यासारखं झालं मला. ज्या माणसाने अर्धा जन्म दुसऱ्यांच्या मढ्यांसाठी लाकडं वाहिली, त्याच्यासाठी या इमारतीत एक पुरुष उभा राहीना? सगळ्यांची दारं बंद. आणि त्यात एक आमचं!"

"मी काय करू? माझे पाय उचलत नाहीत. तू बघितलं आहेस."

"बघितलंय. माझ्या बाबांच्या वेळी बघितलं. तेव्हा तुमची लाज राखली मी. पण आज माझी गेली." तिने पदराने तोंड पुसलं. तिचे डोळे कोरडे होते, नुसते लाल. "घाबरता ना? मग घाबरता म्हणून सांगा त्यांना. पण सोवळ्यातले म्हणून त्यांच्या घरात नाव नको आपलं."

"चाळीस वर्षांच्या बाप्याने सांगायचं? मढ्याला भितो म्हणून?"

"हो," सुनीती म्हणाली. "सांगायचं."

खाली टेम्पो थांबल्याचा आवाज आला आणि जिना पावलांनी भरून गेला. दिघ्याची माणसं आली होती. बायांचा एकच हंबरडा उठला, मग तो ओसरला, मग कामाचे आवाज सुरू झाले. बांबू जिन्याच्या कठड्यावर आपटत होता. कुणी सुतळी मागत होतं, कुणी पांढरं कापड. "टेम्पोवाला मढं न्याला तयार न्हाय," कुणीतरी सांगत होतं, "मानसं आनली हेच लई झालं म्हनतो." "मग खांद्यावर नेऊ. खाडी किती लांब हाय?" नंतर सगळं शांत झालं आणि एका सुरात पंचशील ऐकू आलं. सुनीती पुन्हा तिकडे गेली होती. अरविंदने सदरा घातला. गुंड्या लावता येईनात. एक वर, एक खाली असा सदरा त्याने तसाच ठेवला. पंचशील संपलं आणि जिन्यावरून कुणीतरी म्हणालं, "उचला."

त्याने दार उघडलं.

तिरडी समोरच्या दारातून निम्मी बाहेर आली होती. पांढऱ्या कापडाखाली म्हातारा होता त्याहून लहान दिसत होता. तोंड तेवढं उघडं होतं. अरविंदने ते पाहिलं. त्याने चौकटीला धरलं. जिन्यावरची सगळी माणसं त्याच्याकडे बघू लागली. पुढच्या बांबूला खांदा दिलेला किसन थांबला. त्याने घाईने चढवलेला सदरा पाहिला, चुकीच्या गुंड्या पाहिल्या, ड्युटीवर गेलेल्या शेजाऱ्याला नीट न्याहाळलं.

"मी... मीपण येतो. खांद्याला," अरविंद म्हणाला.

"ऱ्हाऊ द्या सायेब," किसन म्हणाला. आवाजात राग नव्हता. तो असता तर बरं झालं असतं. "आता आलीत आमची मानसं. तुमी जावा ड्युटीला."

"किसनराव, मी घरातच होतो सकाळी."

"ठाव हाय. सायकल बघितली म्या."

"तुम्हाला वाटतंय तसं नाही ते." सुनीती समोरच्या दारात बयाबाईला धरून उभी होती. वरच्या जिन्यावर दोन-तीन बाया कठड्याआडून वाकून बघत होत्या. "मला भीती वाटते. मेलेल्या माणसाची. लहानपणापासून. आणखी काही नाही. तुमच्या गळ्याशपथ."

मग मागच्या बांबूपाशी उभा असलेला एक काळासावळा, दणकट माणूस हसला. तो किसनचा दिघ्याचा मेव्हणा, वामन.

"ही नवी हाय दाजी," तो म्हणाला. "आजपत्तूर सुतक ऐकलं, सोवळं ऐकलं, पोराची परीक्षा ऐकली. भीती पयल्यांदा ऐकली."

एक-दोघे हसले, आणि प्रेतासमोर हसलो हे ध्यानात येऊन गप्प झाले. किसनने मान फिरवली. तिरडी जिन्याच्या वळणावर तिरकी करून खाली गेली.

आता इथून घरात वळायला अरविंदला कुणाची आडकाठी नव्हती. बोलायचं ते बोलून झालं होतं, त्यांना पटलं नव्हतं, त्याला तो काय करणार? भीती अगदी शहाण्या माणसासारखी त्याला हे समजावत होती. त्याने पायात चपला सरकवल्या आणि तो त्यांच्यामागून निघाला. का निघाला, हे त्याला स्वतःला धड सांगता आलं नसतं. एवढंच, की दार लोटून आत बसलं की रावसाहेबांचा हात पुन्हा खांद्यावर जाणवेल असं त्याला वाटलं.

रस्ता रुंद, नवा कोरा, दोन्ही बाजूंना अर्ध्या बांधलेल्या इमारती. झाड म्हणून कुठे नाही. उन्हाने डांबर चकाकत होतं. स्मशान जुन्या गावाच्या बाजूला, मिठागरं ओलांडून खाडीच्या काठाला होतं. अरविंद सगळ्यांच्या मागे चालत होता. रामनामाचा गजर होईल, त्यात निदान आपल्या दातांचा आवाज झाकला जाईल, अशी त्याची अटकळ होती. पण इथे तसं काही नव्हतं. माणसं मुकाट चालत होती, मधून कुणीतरी हळू आवाजात बुद्धवंदना म्हणत होतं. चपलांचा आवाज आणि बांबूची करकर तेवढी ऐकू येई. खांदेकरी दमले की दुसरे पुढे होत. असं झालं की अरविंद दोन पावलं पुढे जाई. त्याच्याकडे कुणी बघत नसे. कुणी मुद्दाम ढकलत नव्हतं, पण जागाही कुणी सोडत नव्हतं.

मिठागराच्या अलीकडे वामनने खांदा बदलायला हात वर केला. तो डोक्याकडच्या बाजूला होता. एक तरुण पुढे झाला तसा वामन म्हणाला, "तू थांब." आणि मागे वळून त्याने अरविंदला बोटाने खुणावलं. "या. खांदा द्याचा हुता न्हवं?"

"वामन, ऱ्हाऊ दे," किसन पुढून म्हणाला. "रस्त्यात नको."

"का नको? भीती हाय म्हनत्यात. बघू की कसली हाय." त्याने बांबू खांद्यावरून थोडा उचलून धरला. "पायाकडचं सोपं आसतं. डोक्याकडचं घ्या."

अरविंद गेला. एकेक पाऊल चिखलातून काढावं तसा गेला. डाव्या खांद्यावर बांबू आला आणि वजन एकदम हाडात शिरलं. कापडात गुंडाळलेलं डोकं त्याच्या कानापासून चार बोटांवर होतं. चालायला लागल्यावर ते अंतर चार बोटंही राहिलं नाही. पाऊल पडलं की तिरडी हिंदकळे आणि म्हाताऱ्याचं कपाळ त्याच्या कानाला लागे. गार आणि कडक. पुन्हा पाऊल, पुन्हा तसंच. आता हे हलणार, आता हे काहीतरी बोलणार. त्याने डोळे मिटले, अडखळला, उघडले. दात इतके वाजू लागले की पुढचा खांदेकरी वळून बघू लागला. तोंडाला कोरड पडलेली आणि अंगाला मात्र पाझर फुटलेला. सदरा पाठीला चिकटला. फेकून दे, पळ, मागे वळूनसुद्धा बघू नकोस, असं सगळं अंग सांगत होतं, आणि खांदा तेवढा ऐकत नव्हता. अरविंद काहीतरी पुटपुटत होता. काय, ते त्यालाही कळत नव्हतं.

आणि मग उजव्या मांडीवरून काहीतरी कोमट उतरत पोटरीवर आलं, तिथून चपलेत. क्षणभर ते काय हे त्याला समजलं नाही. समजलं तेव्हा ते थांबवणं त्याच्या हातात राहिलं नव्हतं. फिकट रंगाच्या पँटवर पट्टा खालपर्यंत काळा झाला. पाय चपलेत चुरूक चुरूक वाजू लागला.

वामन त्याच्या बाजूने, जरा मागून चालत होता. हा आता कधी टाकतो, हे बघत. त्याने आवाज ऐकला आणि खाली पाहिलं. मग वर अरविंदच्या तोंडाकडे पाहिलं. पांढरंफटक तोंड, लटलट कापणारी हनुवटी.

"आगं बया," तो हळूच म्हणाला. "ह्यो मानूस खरंच भेतोय की."

कुणी हसलं नाही. वामनने बांबूखाली हात घातला. "द्या. द्या हिकडं. झालं तेवढं लई झालं."

"नको," अरविंद म्हणाला. तेवढा एकच शब्द त्याला दातांतून धड काढता आला. वामनने हात काढून घेतला नाही, नुसता बांबूखाली तसाच ठेवला.

पुढे रस्ता वळत होता आणि वळणावर उजव्या हाताला मुंबईच्या बसचा स्टॉप होता. सकाळपासून एकही बस आलेली नव्हती. सावलीला पाचसहा माणसं उभी होती, त्यांत काखेत बॅग घेतलेले रावसाहेब. त्यांनी तिरडी पाहिली, रिवाजाप्रमाणे हात जोडले, आणि मग खांदेकऱ्यांत अरविंद दिसला तसे ते जोडलेले हात खाली आले. ते मान लांब करून बघू लागले. अरविंदला ते दिसले. त्याचा उजवा पाय, ओला, उघडा, त्यांच्याच बाजूला होता. त्याला कुठे लपवणार? दोन्ही हात बांबूला होते. लाजेने त्याचे डोळे भरून आले, भीतीने नाही.

पुढे किसनने मागे पाहिलं. वामनकडे पाहिलं, अरविंदकडे पाहिलं, त्याच्या पायाकडे पाहिलं. बापाच्या पुढच्या बांबूला सबंध वाट त्याने दुसऱ्याचा खांदा लागू दिला नव्हता. तो बांबू आता त्याने बाजूने चालणाऱ्याकडे दिला आणि तो थांबला. तिरडी त्याच्यापर्यंत येऊ दिली. मग अरविंदच्या उजव्या अंगाला, अगदी खेटून, तो चालू लागला. स्टॉपवरची माणसं त्याच्या पाठीआड गेली. खांद्यावरचा टॉवेल ओढून त्याने तो हातावर असा घेतला की तो अरविंदच्या गुडघ्यापर्यंत लोंबत राहिला.

"म्होरं बघा," तो म्हणाला. "आता लांब न्हाय."